टॉवरच्या जाहिरातीत ऊन नेहमी बरोबर बाजूनेच कसं पडतं?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. यातला कुठलाही मुहूर्त जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या फोनवर एकच चित्र वेगवेगळ्या नावांनी येऊन पडतं. चाळीस मजली टॉवर, मागे जांभळट निळं आभाळ, प्रत्येक खिडकीत पिवळा उजेड, खाली ओला चकचकीत रस्ता आणि त्यावर फक्त एक गाडी. खड्डा नाही, रिक्षा नाही, शेजारची बिल्डिंग तर नाहीच नाही.

हा फोटो नाही हे तुम्हाला माहीत आहे. याला रेंडर म्हणतात. मी काही वर्षं हेच काम केलंय. आर्किटेक्टकडून ड्रॉइंग घ्यायची, थ्रीडी मॉडेल उभं करायचं, मग त्यात कॅमेरा लावायचा आणि सूर्य लावायचा. त्यामुळे कोणी "अरे, ते सगळं खोटंच असतं" म्हणालं की मला ते पटत नाही. बऱ्यापैकी स्टुडिओतून आलेल्या रेंडरमध्ये बिल्डिंग सहसा मापात असते. मजले बरोबर, बाल्कनी बरोबर, खिडक्या बरोबर. गडबड होते ती बिल्डिंगच्या बाहेर: कॅमेरा कुठे उभा आहे, सूर्य कुठे आहे आणि चौकटीतून काय काढून टाकलंय. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज ज्या चित्राकडे बघून ठरतं, त्याबद्दल हे तीन प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. नियमही विचारत नाही.

नियमाकडे नंतर येऊ. आधी चित्र कसं बनतं ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

आधी सगळं राखाडी असतं

मॉडेल तयार झालं की पहिल्यांदा रंगीत चित्र कोणी काढत नाही. आधी काढतात 'क्ले रेंडर'. म्हणजे काच, दगड, रंग, झाडं सगळं बंद आणि अख्खी बिल्डिंग एकाच मातकट पांढऱ्या रंगात. शाडूच्या रंगवायच्या राहिलेल्या गणपतीसारखी. या अवस्थेत फक्त आकार, ऊन आणि सावली दिसते. कॅमेरा आणि सूर्य इथेच पक्के होतात. मग वी-रे, कोरोना, ल्युमियॉन किंवा फुकट मिळणारं ब्लेंडर, जे काही वापरत असाल त्यात रंगरंगोटी होते आणि शेवटी फोटोशॉपमध्ये आभाळ, माणसं, पक्षी वगैरे चिकटवले जातात.

माझ्या मते क्ले रेंडर हे अख्ख्या प्रक्रियेतलं सर्वात प्रामाणिक चित्र. आणि ग्राहकाला ते कधीच दाखवत नाहीत.

कॅमेरा भिंतीच्या आत उभा आहे

हा प्रयोग आजच करून बघा. कुठल्याही उंच बिल्डिंगसमोर जा, फोन उभा धरा, अजिबात वर न झुकवता, सरळ. बिल्डिंगचा वरचा भाग कापला जाईल. आता ती मावावी म्हणून फोन वर झुकवा. बिल्डिंग मावेल, पण तिच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतील, जणू ती मागे पडतेय. जाहिरातीतल्या टॉवरच्या रेषा मात्र ओळंब्यात असतात. का?

कारण रेंडरमधला कॅमेरा झुकवलेलाच नसतो. तो सरळ ठेवून लांब नेलेला असतो. हिशोब सोपा आहे. मजल्याला तीन मीटर धरले तर चाळीस मजले म्हणजे १२० मीटर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते असं सांगतात. त्या लेन्सने, फोन सरळ धरून, १२० मीटरची बिल्डिंग पूर्ण टिपायची तर तुम्हाला किमान १६० मीटर मागे जावं लागेल. सॉफ्टवेअरमध्ये 'शिफ्ट' नावाची सोय असते. तिने क्षितिज चौकटीत खाली सरकवता येतं आणि हे अंतर शंभरेक मीटरवर येतं. आर्किटेक्चरचे फोटो काढणारे हेच काम टिल्ट-शिफ्ट लेन्सने करतात.

आता सांगा, परळला किंवा कोथरूडला एखाद्या टॉवरसमोर शंभर मीटर मोकळी जागा कुठे आहे? समोर रस्ता असतो, त्यापलीकडे दुसरी बिल्डिंग. खऱ्या फोटोग्राफरला तिथे थांबावं लागतं. रेंडरचा कॅमेरा मात्र त्या समोरच्या बिल्डिंगच्या पोटात जाऊन उभा राहतो. 'क्लिपिंग' नावाचं एक बटन असतं. ते दाबलं की कॅमेऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतचं सगळं अदृश्य. समोरची सोसायटी, तिची टाकी, तिचा मोबाईल टॉवर, सगळं गायब. म्हणजे जे दृश्य तुम्हाला विकलं जातंय, ते पृथ्वीवर कुठेही उभं राहून कोणालाही दिसणार नाही.

यात दरवेळी लबाडी असते असं नाही. इमारतीचा आकार समजावा म्हणून आर्किटेक्टलाही असं चित्र लागतंच. पण ते बघताना तुम्हाला वाटतं की गेटमधून आत शिरताना असं दिसेल.

लेन्स जास्त रुंद केली की आणखी एक गंमत होते. जवळच्या वस्तू अवाढव्य दिसतात आणि लांबच्या आणखी लांब सरकतात. पोहण्याच्या तलावाच्या काठावर, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवायचा. छोटासा तलाव ऑलिंपिकचा वाटतो आणि पलीकडची विंग, जी प्रत्यक्षात समोरच्याच्या ताटात काय आहे हे दिसेल इतकी जवळ आहे, ती पार मागे जाते. वरून, ड्रोनच्या नजरेने काढलेल्या चित्रात आजूबाजूचा परिसर टाळता येत नाही. मग तिथे शेजारच्या बिल्डिंगा फिकट पांढरे खोके होतात किंवा त्यांच्या जागी हिरवीगार झाडी येते. विकास आराखड्यातला डीपी रोड, जो अजून कागदावर आहे, तो डांबर घालून, पांढरे पट्टे मारून तयार असतो. चित्रातल्या डीपी रोडला भूसंपादन लागत नाही.

सूर्य माऊसने ओढता येतो

आता मुख्य मुद्दा, उजेडाचा.

मोठ्या बिल्डिंगचं चित्र घेताना एक जुना नियम पाळतात. कॅमेरा कोपऱ्यासमोर ठेवायचा, म्हणजे दोन बाजू दिसतील. त्यातली एक उन्हात आणि एक सावलीत. तरच बिल्डिंगला जाडी येते. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि टॉवर पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. सूर्य बिल्डिंगच्या मागे असेल तर नुसता काळा ठोकळा. म्हणून सूर्य कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, तिरपा आणि थोडा खाली. बाल्कनींच्या सावल्या भिंतीवर लांब पडतात आणि दर्शनी भाग जिवंत होतो. चित्रकलेच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे.

पण सॉफ्टवेअरमध्ये सूर्य ही एक वस्तू आहे. तो दोन प्रकारे लावता येतो. एक, शहराचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाका, उत्तर दिशा दाखवा, सूर्य आपल्या जागी जाऊन बसतो. दोन, त्याला माऊसने धरून हवा तिथे ओढा. जाहिरातीच्या कामात मी दुसराच प्रकार जास्त पाहिला. क्लायंट म्हणतो, "हा फेस जरा डल वाटतोय", की सूर्य इकडचा तिकडे. शाळेत शिकलेला भूगोल त्या दुपारपुरता रजेवर.

आणि मुंबई-पुण्यात हा भूगोल फार कडक आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर येतो. 'शून्य सावली दिवस' तुम्ही ऐकला असेल. मुंबई-पुण्याला तो मेच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळातच फक्त दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो, तोही जेमतेम चारेक अंश आणि तोही निम्म्याहून जास्त दिवस पावसाच्या ढगांमागे. म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीवर तिरपं सोनेरी ऊन पडायचं तर ते मार्च ते सप्टेंबरच्या दरम्यान, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना. हिवाळ्यात अजिबात नाही. आता जाहिरातीत उत्तरेची बाजू दिवाळीच्या रोषणाईत, लख्ख उन्हात न्हालेली दिसली तर समजा, सूर्य ओढलेला आहे.

याने काय बिघडतं? घर घेणाऱ्याचं बरंच. उत्तरेकडच्या फ्लॅटला थेट ऊन कमी, ज्याला गारवा हवा त्याला ते उत्तमच. पण वाळवणं घालायला ऊन हवं किंवा घरात म्हातारी माणसं आहेत, तर तोच फ्लॅट हिवाळ्यात नकोसा. पश्चिमेचं उलट. रेंडरमध्ये संध्याकाळचं केशरी ऊन हॉलच्या काचेवर चमकताना बघून जीव खुळावतो. तेच ऊन एप्रिलमध्ये चार-पाच वाजता सोफ्यापर्यंत आत येतं, आणि मजल्यापासून छतापर्यंत काच असेल तर एसीचं बिल तुम्ही भरता, रेंडर बनवणारा नाही.

मग येतो संध्याकाळचा तो निळा शॉट. सूर्य मावळल्यावर पाऊण तासाहून कमी वेळात आपल्याकडे आभाळ काळं होतं. त्याआधी वीसेक मिनिटं अशी असतात की आभाळाचा उजेड आणि खोलीतल्या दिव्याचा उजेड जवळपास सारखा. दिवसा काच आरशासारखी असते, आतलं काही दिसत नाही. या वीस मिनिटांत काच जणू नाहीशी होते, घरं आतून पेटल्यासारखी दिसतात आणि निळ्यावर पिवळा असा रंगांचा विरोध आपोआप मिळतो. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टचं मुख्य चित्र याच वेळेचं. रस्ता ओला दाखवतात कारण ओल्या रस्त्यात सगळे दिवे दुप्पट होतात. पाऊस मात्र दाखवत नाहीत.

अंधुक उजेडाचा अजून एक फायदा आहे. शेजारची बिल्डिंग सावलीत विरघळते. एसीचे बाहेरचे डबे, ग्रिल, ड्रेनेजचे पाइप हे तर मॉडेलमध्ये नसतातच. इतक्या वर्षांत बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीचं थ्रीडी मॉडेल माझ्याकडे कोणी मागितलं नाही. आभाळही बऱ्याचदा आपलं नसतं. 'एचडीआरआय' म्हणून आभाळाचे गोल फोटो मिळतात. अख्ख्या दृश्यावर ते घुमटासारखे पांघरले की त्यातूनच उजेड येतो. माझ्या हाताखालून गेलेली बरीच आभाळं युरोपातली होती. तिथला मऊ, थंड उजेड वाघोलीच्या टॉवरवर पडला की टॉवर आपोआप परदेशी वाटायला लागतो. झाडांचंही तेच. गुलमोहर शोधावा लागतो, मेपल आधीच लायब्ररीत असतो.

हे सगळं आजचं नाही बरं का. आपलं सीएसएमटी स्टेशन पूर्ण झालं १८८८ मध्ये. पण त्याचे आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्यासाठी ॲक्सेल हेग या चित्रकाराने त्याचं मोठं जलरंग चित्र १८७८ मध्येच काढलं होतं. तेही रेंडरच, फक्त ब्रशने. फरक एवढाच की ते चित्र बघून कोणी गृहकर्ज काढत नव्हतं.

क्यूआर कोड आहे, कॅमेरा नाही

आता नियम. रेरा कायदा २०१६ चा, आपलं महारेरा कामाला लागलं मे २०१७ पासून. या कायद्यात 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. कुठल्याही माध्यमातली, कुठल्याही रूपातली प्रसिद्धी त्यात येते, म्हणजे व्हॉट्सॲपवरचं चित्रही. कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातूनच बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत.

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रत्येक जाहिरातीवर प्रकल्पाचा क्यूआर कोड सक्तीचा झाला. नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. २०२५ मध्ये नोंदणी क्रमांक, वेबसाइट आणि कोड ठळक दिसेल अशा आकारात छापायचा आदेशही आला. हा खरंच चांगला बदल आहे. आधी जी माहिती काढायला एजंटच्या मागे फिरावं लागायचं, ती आता कॅमेरा धरला की समोर येते.

पण कोडच्या शेजारी जे चित्र पानभर पसरलंय, त्याला एकही अट नाही. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'आर्टिस्ट्स इम्प्रेशन' लिहिलं की झालं. मग ऊन चुकीच्या बाजूने पडलं ही कलम १२ मधली 'चुकीची माहिती' आहे की कलाकाराची कल्पना? समोरची बिल्डिंग पुसली हे खोटं विधान आहे की नुसतं सौंदर्य? सामान्य माणसाने हे सिद्ध करायचं कसं, जेव्हा चित्र कुठून आणि कधीचं आहे हेच कुठे लिहिलेलं नाही?

लंडनमध्ये यावर एक उत्तर आहे. तिथे सेंट पॉल कॅथेड्रलसारख्या इमारतींकडे जाणाऱ्या काही नजरांना संरक्षण आहे. त्या नजरेच्या आड येऊ शकेल असा टॉवर बांधायचा असेल तर परवानगीच्या अर्जासोबत 'व्हेरिफाइड व्ह्यू' द्यावे लागतात. फोटोग्राफर ठरलेल्या जागी ट्रायपॉड लावतो. जागा, उंची, लेन्स, तारीख, वेळ सगळं लिहून ठेवतो. सर्व्हेअर त्या फोटोतले ठळक बिंदू मोजतो. मग सॉफ्टवेअरमधला कॅमेरा त्या मोजमापाशी जुळवून मॉडेल फोटोत बसवतात. चित्रात किती दाखवायचं याच्याही पायऱ्या आहेत, नुसत्या बाह्यरेषेपासून ते काच-दगडासकट पूर्ण रूपापर्यंत. दुसऱ्या कोणी तेच काम पुन्हा केलं तर तेच चित्र यायला हवं.

ही सक्ती तिथेही फ्लॅटच्या जाहिरातीला नाही, परवानगीला आहे. आणि प्रत्येक जाहिरातीसाठी सर्व्हेअर बोलवा असं मी म्हणत नाही. माझी मागणी साधी आहे. चित्राखाली एक ओळ छापा: कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर, सूर्य कुठल्या तारखेचा आणि वेळेचा, आजूबाजूच्या इमारती खऱ्या आहेत की काढल्यात. कॅमेऱ्याची जागा फाइलमध्ये असतेच. सूर्य तारीख-वेळ टाकून लावला की तीही. छापायला खर्च शून्य. जागा नसेल तर क्यूआर कोडच्या पानावर टाका, पान तर आधीच आहे.

बिल्डर म्हणतील, जाहिरात ही जाहिरात असते, साडीच्या दुकानातही खास दिवे असतात. बरोबर. पण साडी दाराबाहेर उजेडात नेऊन बघता येते. न बांधलेलं घर उजेडात नेता येत नाही.

आता एआय

हे घाईने सोडवायला हवं असं वाटण्याचं कारण एआय. मी सांगितलेल्या प्रक्रियेत निदान एक मॉडेल असतं, एक कॅमेरा असतो, एक सूर्य असतो. विचारलं तर दाखवता येतात. २०२३ मध्ये कंट्रोलनेटसारखी साधनं आल्यापासून कच्चं स्केच दिलं की मिनिटभरात तयार टॉवर मिळतो. त्यात कॅमेरा नाही, सूर्यही नाही, आहे फक्त हजारो टॉवर बघून केलेला अंदाज. ओळखायचं असेल तर झूम करा. झाडाची सावली एकीकडे आणि गाडीची दुसरीकडे पडते का? एकाच प्रोजेक्टच्या दोन चित्रांत मजले मोजा, आकडा जुळतो का? बाल्कनीचे कठडे मध्येच वितळतात का?

फोन हातात आहेच

क्यूआर कोड स्कॅन केला की महारेराच्या पानावर प्रकल्पाची कागदपत्रं मिळतात. त्यातला मंजूर लेआउट उघडा आणि सगळ्यात आधी उत्तर दिशेचा बाण शोधा. रेंडरमधला रस्ता किंवा गेट त्या नकाशावर ओळखा. आता कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे ते कळलं. सनकॅल्क नावाची वेबसाइट फुकट आहे. त्यात प्लॉटची जागा टाका आणि तारीख २१ डिसेंबर, मग २१ जून, मग एप्रिलमधली कुठलीही. सूर्याची वाट नकाशावर काढून मिळते. ती रेंडरमधल्या सावल्यांशी ताडून बघा. गुगल मॅप्सच्या सॅटेलाइट दृश्यात प्लॉटसमोर किती मीटर मोकळं आहे तेही मोजा. शंभर मीटर नसेल तर कॅमेरा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभा आहे.

सेल्स ऑफिसमध्ये "हे चित्र कुठून काढलंय?" एवढंच विचारा. "सर, व्ह्यू एकदम ओपन आहे" असं उत्तर आलं तर प्रश्न परत विचारा, या वेळी हातात नकाशा धरून.

आणि तुमच्या आई-बाबांची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली असेल तर तुमच्या हातात जास्त ताकद आहे, कारण तिथे बिल्डरला सोसायटीची गरज असते. सर्वसाधारण सभेत तीन-चार बिल्डर येतील, मोठ्या पडद्यावर निळी संध्याकाळ दाखवतील. त्याआधीच कमिटीला सांगून प्रत्येकाकडून एकच चित्र मागवा: क्ले रेंडर, रंग नको. कॅमेरा सोसायटीच्या गेटवर, दीड मीटर उंचीवर. उत्तर दिशा नकाशाप्रमाणे, तारीख २१ डिसेंबर, वेळ दुपारी चार. शेजारच्या इमारती आज जेवढ्या उंच आहेत तेवढ्याच. मॉडेल तयार असेल तर हे चित्र काढायला एक दुपार पुरते.